कानात सांगितलेलं नाव

ज्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे त्यांचं आडनाव मला माहीत आहे, आणि ते मी इथे लिहिणार नाही. का ते सांगेन, पण जरा वेळ लागेल. पोटातलं ओठावर यायला मला वर्षं लागतात.

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत त्यांना सगळे ब्रॉलीकाका म्हणत. अमेरिकन खेळाडूंना ‘काका’ हे त्यांचं आडनावच वाटायचं. एकाने नाताळचं कार्ड पाठवलं, त्यावर ‘मिस्टर बी. काका’ असं लिहिलं होतं. ते कार्ड उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या फ्रिजवर होतं. ‘‘या देशात माझं आडनाव काका आहे,’’ ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. ‘‘सत्तर वर्षांत याच्यापेक्षा चांगलं आडनाव मला कोणी दिलं नाही.’’

काका मूळचे नागपूरचे. तिशीत मेलबर्नला गेले आणि ट्रामच्या दुरुस्ती डेपोत उभा जन्म काढला. काकू गेल्यावर मुलीने त्यांना मिनेसोटात आणलं. येताना त्यांनी सोबत दोनच गोष्टी आणल्या : तिखटमिठाची एक पितळी डबी आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड. मुलीच्या घरात आठवडाभर त्यांनी दम धरला. तेवढ्यात घरातल्या सगळ्या वस्तूंची बारशी उरकली. आपोआप फिरणाऱ्या व्हॅक्यूमचं नाव ‘सरपंच’, कारण तो दिवसभर गावभर फिरतो आणि केर तिथेच असतो. गाडीत रस्ता सांगणारी बाई ‘मास्तरीण’. घराचं तापमान ठरवणारी भिंतीवरची डबी ‘सासू’. मग आठव्या दिवशी पार्कातून ओळखीचा आरडाओरडा ऐकू आला आणि काका चपला न घालताच धावले.

हा खेळ न पाहिलेल्यांना एवढंच सांगतो : मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल, शर्ट बिनबाह्यांचे आणि चेंडू पकडायला दुसऱ्याच्या खांद्यावर चढलं तर त्याचं कौतुक होतं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून मारला की गोल, सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबाकडून गेला, म्हणजे चुकला, तरी एक गुण. काका यावर फिदा होते. ‘‘जगात हा एकच खेळ आहे बाप्पा, जो चुकल्यावर पण एक मार्क देतो. आमच्या शाळेत असं असतं तर मी बोर्डात आलो असतो.’’

आमचा क्लब म्हणजे दोन-तीन ऑस्ट्रेलियन, बाकी अमेरिकन आणि मी. एका बाजूला अठरा जण लागतात. आमच्याकडे नऊ जमले तरी फोटो काढायचे. काका पहिल्याच शनिवारी गोलपंच झाले. गोलपंचाला लांब पांढरा कोट लागतो, तर मुलगी फार्मसिस्ट असल्यामुळे तो घरात होताच. खिशावरच्या दुकानाच्या नावावर त्यांनी चिकटपट्टी लावली. झेंडे उशीच्या अभ्र्यांचे. गोल झाला की दोन्ही हातांची बोटं छातीसमोर पिस्तुलांसारखी रोखायची आणि मग दोन्ही झेंडे फडकवायचे. चुकला तर एक बोट, एक झेंडा. काका हे इतक्या गांभीर्याने करायचे की हरणारा संघसुद्धा टाळ्या वाजवायचा.

‘ब्रॉली’ हे नाव मेलबर्नचं. तिकडच्या बोलीत ब्रॉली म्हणजे छत्री. डेपोच्या सामन्यात पहिल्यांदा पंच म्हणून उभे राहिले तेव्हा पाऊस लागला. झेंडे भिजू नयेत म्हणून काकांनी छत्री उघडली. तेवढ्यात गोल झाला. एका हातात झेंडे, दुसऱ्या हातात छत्री. काकांनी दोन्ही फडकवले. सोमवारी डेपोत शिरले तेव्हा वेल्डरपासून साहेबापर्यंत सगळे ब्रॉली म्हणून हाक मारत होते. ‘‘एका गोलमध्ये माझी जुनी पाटी पुसली बे,’’ काका म्हणायचे. ‘‘तिकडे टोपणनावाशिवाय माणूस नसते. लाल केसवाल्याला निळ्या म्हणून राहिले, सहाफुट्याला टिंगू. पण बापाचं काय, जातीचं काय, हे कोणी विचारत नाही. तू मैदानावर काय केलं तेवढं बोल.’’

म्हणून आमच्या क्लबात नावं ठेवायचा अधिकार आपोआप काकांकडे गेला. त्यांचे नियम होते. बापाकडून, गावाकडून किंवा कातडीकडून आलेलं काही नावात चालणार नाही. नाव मैदानावर स्वतःच्या हातापायांनी केलेल्या गोष्टीवरूनच. मागून मिळणार नाही. मिळालेलं परत करता येणार नाही.

आणि नाव द्यायची पद्धत? बारसं. अर्ध्या सामन्याच्या सुट्टीत काका त्या खेळाडूला बोलवायचे, त्याला वाकायला लावायचे आणि आत्या बाळाच्या कानात सांगते तसं कानाशी तोंड नेऊन ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायचे. मग बाकीच्यांनी त्याच्या पाठीत धपाधप गुद्दे मारायचे. आपल्याकडे गुद्दे आत्याला पडतात. काकांनी सत्तरीमुळे तेवढा बदल करून घेतला होता. गंमत अशी, की अमेरिकनांना वाटायचं ही ऑस्ट्रेलियन पद्धत आहे आणि ऑस्ट्रेलियनांना वाटायचं ही भारतीय फुटबॉलची पद्धत आहे. मला खरं माहीत होतं, पण मी कुणाला सांगितलं नाही. एरवीही मी कुणाला काही सांगत नसे.

एअर कंडिशनर दुरुस्त करणारा आमचा साडेसहा फुटी गडी उडी मारताना दोन्ही हात गरागरा फिरवायचा. तो ‘टेबलफॅन’. दुसरा एक जण हवेत अशी झेप घ्यायचा की बघत राहावं, अंग कमानीसारखं वाकलेलं, बोटं पसरलेली, आणि चेंडू दरवेळी त्याच्या हातांमधून खाली पडायचा. तो ‘फोटो’. मिनियापोलिसहून येणारा एक सोमाली मुलगा गर्दीतूनही चेंडू नेमका हव्या त्या माणसाच्या छातीवर पोचवायचा. तो ‘टपाल’. पार्कातल्या बदकांच्या थव्यात चेंडू गेला म्हणून आत शिरलेला आणि एक बूट गमावून परत आलेला ऑस्ट्रेलियन अकाउंटंट ‘अनवाणी’. शनिवारी दुपारी मिनेसोटातल्या पार्कात धिप्पाड गोरे पुरुष ‘‘टॅपॉल, टॅपॉल, टू ॲनवानी’’ असं किंचाळत पळतायत, हे दृश्य मी ज्या दिवशी पाहिलं त्या दिवशी गाडी थांबवून पोट धरून हसलो. डॉक्टरांनी ‘‘काहीतरी खेळा’’ म्हणून महिनाभर आधी सांगितलं होतंच. मी उतरलो.

आणि इथपासून मला सांगायला जड जातं.

मैदानाच्या कडेला पांढऱ्या कोटातला म्हातारा मराठीत शिवी हासडताना दिसला. मला कोण आनंद झाला. मी पुढे होऊन म्हटलं, ‘‘काका, मराठी?’’

‘‘हाव.’’

‘‘कुठले?’’

‘‘नागपूर.’’

‘‘आडनाव काय आपलं?’’

‘‘ब्रॉली.’’

मी हसलो. ‘‘नाही, पूर्ण नाव?’’

‘‘पूर्ण ब्रॉली.’’

‘‘म्हणजे मूळचं?’’

‘‘मूळचं पण ब्रॉली. बाप ब्रॉली, आजा ब्रॉली. आमच्यात सगळे छत्र्याच.’’ आणि खांद्यावर हात टाकून म्हणाले, ‘‘बूट आहेत का? फॉरवर्ड पॉकेटला उभा राहा.’’

फॉरवर्ड पॉकेट म्हणजे गोलच्या कोपऱ्यात उभं राहून चेंडू येईल अशी आशा करणं. माझ्या मागे दहा पावलांवर काका. त्यामुळे सामनाभर आमच्या गप्पा चालत. त्या पहिल्या दिवशी मला वाटलं, काय विनोदी माणूस आहे. मी तीनदा काय विचारलं आणि त्यांनी तीनदा काय चुकवलं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल. आम्ही पुण्याचे. तो प्रश्न आमच्या तोंडातून ‘जेवलात का’सारखा निघतो, आणि तो कशासाठी असतो ते विचारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

तीन माणसं जमली की मराठी माणूस सेक्रेटरी होतो. महिन्याभरात मी झालो. या देशात हाडं मोडण्याआधी सही करावी लागते, म्हणून सगळ्यांचे फॉर्म गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात काकांचा फॉर्म आला. त्यावर ब्रॉली नव्हतं. ते आडनाव मी वाचलं आणि मला जे हवं होतं ते कळलं.

पुढच्या शनिवारी सुट्टीत काका नेहमीप्रमाणे संत्री कापत होते. चार फोडी करायच्या, पितळी डबीतलं तिखटमीठ चिमटीने भुरभुरवायचं आणि प्रत्येकाच्या तळहातावर स्वतःच्या हाताने ठेवायची. टेबलफॅन पहिल्यांदा तिखटाने रडला होता. आता दोन मागायचा. दर वेळी काकांचं एक वाक्य ठरलेलं : ‘‘हे संत्रं नाही. नागपूरच्या संत्र्याची झेरॉक्स आहे. पण चालते.’’ त्या दिवशी ते माझ्यापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला.

मी म्हटलं, ‘‘आज नको काका. शुगर आहे.’’

माझा हात खिशात गेला होता. मी तो घातला नव्हता; तो आपला आपण गेला. लहानपणी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कान तुटलेला एक कप उपडा असायचा. तो कुणासाठी, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही आणि आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी शिकलो, विमानात बसलो, ऑफिसात समतेवरची सक्तीची ट्रेनिंगं शंभर टक्के मार्कांनी पास झालो. तो कप माझ्याबरोबर आला होता. सामानात दिसला नव्हता, इतकंच.

काका म्हणाले, ‘‘बरं,’’ आणि ती फोड टपालच्या हातावर ठेवली.

सामना संपल्यावर फोटोच्या बायकोने घरून चॉकलेटच्या कुकीज आणल्या होत्या. मी तीन खाल्ल्या. तिसरी खाताना मान वर केली तर झेंड्यांची गुंडाळी करत काका माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. एका दिवसात तिसऱ्यांदा पावसात सापडलेला माणूस छत्रीकडे बघतो तसे.

त्यानंतरच्या शनिवारी मी संत्रं घेतलं. त्याच्या पुढच्या शनिवारी दोन. मग मी सुटलोच. सुट्टीत सगळ्यांच्या आधी हात पुढे करायचो, सहा-सहा, आठ-आठ फोडी खायचो, साली गोळा करायचो, डबी पुसून ठेवायचो. शुगर नव्हती ती आता खरोखर यायच्या मार्गाला लागली. बायको म्हणाली, ‘‘तुझा घाम संत्र्याचा येतो.’’ मी बोललो काहीच नाही. काकाही बोलले नाहीत. गप्पा तशाच, थट्टा तशीच. फक्त नाव मिळेना.

माझ्यानंतर आलेल्यांची बारशी झाली. दोन महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्या विद्यार्थ्यालाही ‘कुलूप’ मिळालं. मी मात्र आपला ‘ट्वेंटी-वन’, शर्टावरचा नंबर. दोन सीझन. मी स्वतःला समजावलं, की आपण खेळतोच भिकार, नाव कशावरून पडणार? मग मी नाव पडेल असं काहीतरी करायच्या मागे लागलो. पिवळेधमक बूट आणले. डाव्या पायाने मारायला गेलो आणि उजव्याला लागलं. एकदा चिखलात लांबलचक सूर मारला. चेंडू तेव्हा मैदानाच्या पलीकडे होता. काका मागून म्हणाले, ‘‘काय करून राहिला बे? नाव कमवून राहिला की मागून राहिला?’’

शेवटी मी हद्द केली. क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की काही जण मला अलीकडे ‘चित्ता’ म्हणू लागले आहेत. चार मिनिटांत काकांचा मेसेज आला : ‘हे नाव रद्द. चित्ता कोणी पाहिला नाही.’ त्याखाली टेबलफॅनचे हसून रडणारे अकरा चेहरे.

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, दोन गाड्या आणि एक गहाण घर असलेला माणूस, एका टोपणनावासाठी मी रात्रंदिवस कुढत होतो. कारण मला माहीत होतं, ते का मिळत नाही. आणि ते मिळालं तर काय मिळेल, तेही माहीत होतं.

मग तो डेस मॉइनहून आलेल्या संघाबरोबरचा सामना. दुसऱ्या क्वार्टरमध्ये सगळा खेळ दूरच्या टोकाला अडकला होता. आमच्या टोकाला काका, मी आणि सात-आठ बदकं. काका मला सरपंचाने जिन्यावरून उडी मारल्याची हकिगत सांगत होते. मी मैदानाकडे तोंड ठेवून, पाठमोराच, मधेच बोललो.

‘‘काका, मला शुगर नव्हती.’’

मी बुटाने गवत उकरलं.

‘‘मी तुमचा फॉर्म वाचला होता. आडनाव वाचलं होतं. म्हणून संत्रं घेतलं नाही.’’

बदकं चालत होती. मी वळलो. काका झेंडे काखेत मारून उभे होते.

‘‘मला ठाऊक आहे,’’ ते म्हणाले. ‘‘कुकीज तीन खाल्ल्या तू.’’

‘‘हो.’’

‘‘मी मोजल्या. दोन खाल्ल्या असत्या तर मी म्हटलं असतं, चला, कंट्रोल करून राहिला.’’ मग झेंडे दुसऱ्या काखेत घेत, ‘‘दोन वर्षं काहून लागली?’’

‘‘लाज वाटत होती.’’

‘‘कशाची? केल्याची, का मला कळल्याची?’’

मी खरं ते सांगितलं. ‘‘आधी तुम्हाला कळल्याची. केल्याची नंतर.’’

काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं; चेंडू खांबाला घासून गेला का, हे ठरवताना पाहायचे तसं. मग टाचा जुळवल्या, कोट सरळ केला, एक बोट छातीसमोर रोखलं आणि एक झेंडा काढून डावीउजवीकडे फडकवला. चुकला, एक गुण.

पंचाईत अशी झाली, की दूरच्या टोकाच्या पंचाने तो झेंडा पाहिला आणि शिस्तीप्रमाणे आपलाही झेंडा फडकवून उत्तर दिलं. टेबलापाशी बसलेल्या फोटोच्या बायकोने निमूटपणे आमच्या नावावर एक गुण चढवला. चेंडू तेव्हा आमच्यापासून शंभर यार्डांवर होता, पण झेंडा हलला म्हणजे हलला.

तो सामना आम्ही एका गुणाने जिंकलो. सीझनमधला पहिला विजय. टेबलफॅनने अनवाणीला खांद्यावर घेतलं, कुलूप रडायला लागला. त्या गोंधळातून काका कोट सावरत टेबलाकडे गेले आणि त्यांनी एक गुण खोडायला लावला.

‘‘नो, मेट,’’ ते आमच्या कॅप्टनला म्हणाले. ‘‘दॅट वन वॉज नॉट फुटबॉल. दॅट वॉज पर्सनल.’’

सामना बरोबरीत सुटला. अर्धा तास आमचा संघ काकांशी बोलला नाही. काकांवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही.

पण मधलं सांगायचं राहिलं. त्याच सामन्याच्या सुट्टीत काकांनी संत्री कापली. सगळ्यांना दिली. शेवटची फोड हातात धरून म्हणाले, ‘‘ट्वेंटी-वन. इकडे ये. वाक.’’

मी वाकलो. काकांचा श्वास तिखटाचा येत होता. कानाशी ‘कुर्रर्र’ झालं आणि ते म्हणाले, ‘‘संत्रं.’’ मग अजून हळू, मराठीत, फक्त मला, ‘‘झेरॉक्स आहे अजून. पण चालते.’’

ती फोड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझ्या पाठीत गुद्दे बसायला लागले. टेबलफॅनचा हात पंख्याचाच. दोन फासळ्या आठवडाभर दुखल्या. ‘‘सँट्रा,’’ सगळे ओरडत होते. ‘‘अबाउट टाइम,’’ टपाल म्हणाला, ‘‘ब्रो ईट्स द होल बॅग.’’

तेव्हापासून मी संत्रं. मैदानावर, व्हॉट्सॲपवर, टेबलफॅनच्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा. सगळ्यांना वाटतं, मी इतकी संत्री खाल्ली त्यावरून ते नाव पडलं. ते न खाल्लेल्या एका फोडीवरून आहे. मैदानावर स्वतःच्या हाताने केलेली गोष्ट; नियमात बसते. काकांचं बापाकडून आलेलं आडनाव बसत नाही, म्हणून ते इथे लिहिलं नाही.

काका आता फ्रिस्कोला असतात. मुलीला तिकडे चांगली नोकरी लागली, काका तिच्या मागून टेक्ससला गेले आणि आठवड्याभरात त्यांना तिथेही लंबगोल चेंडू सापडला. सरपंचही गेला बरोबर. इथली संत्री आता मी कापतो. डबी काका माझ्याकडे ठेवून गेले. ‘‘तुझ्याकडे राहू दे,’’ म्हणाले, ‘‘पुसायची सवय आहे तुला.’’

मागच्या शुक्रवारी मुलगी कॉलेजातून घरी आली होती. वीस वर्षांची आहे. मी ओट्याशी संत्री निवडत होतो. तिने सहज विचारलं, ‘‘बाबा, व्हाय डू दे कॉल यू दॅट? बिकॉज यू ईट सो मेनी?’’

एरवी मी हो म्हणतो. या वेळी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. फॉर्म, खिसा, कुकीज, खिडकीतला कप. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

‘‘सो यू डिडन्ट ईट अ पीस ऑफ फ्रूट.’’

‘‘हो.’’

‘‘वन टाइम. दॅट्स इट?’’

मी मान डोलावली. ती उठून तिच्या खोलीत गेली.

शनिवारी सकाळी मी काकांना फोन केला. वाऱ्याचा आवाज येत होता, आणि लांबून कुणीतरी कुणाला तरी टेक्ससच्या उच्चारात ‘‘बॅटाटा’’ अशी हाक मारत होतं. काका गोलमध्ये उभे होते. कानात फोनचं यंत्र घालून पंचगिरी करतात. मी म्हटलं, ‘‘काका, मुलीला सांगितलं. सगळं.’’

‘‘काय म्हणाली?’’

‘‘म्हणाली, एवढंच?’’

काका हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, ‘‘बरोबर बोलली पोरगी. एवढंच तर होतं बे. खायचं होतं.’’

मी हो म्हटलं.

‘‘थांब,’’ काका म्हणाले. पलीकडे एकदम गलका झाला, आणि मग माझ्या कानात फडफड आली. मी नीट ऐकलं. दोन्ही झेंड्यांची होती.